गोळीत काय आहे, ते आम्हाला सांगा

(बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



येताना घरात असतील त्या ताकदीच्या गोळ्या, टॉनिकच्या बाटल्या, पावडरचे डबे घेऊन या, असं तुम्हाला सांगितलं होतं. समोरच्या सतरंजीवर त्यांचा चांगला ढीग झालाय. सरकारी दवाखान्यातल्या लाल लोहगोळ्या आहेत, कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, पिवळ्याधमक मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूल आहेत, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आहेत, केसांसाठी आणि कातडीच्या तेजासाठी म्हणून घेतलेल्या महागड्या बाटल्या आहेत आणि प्रोटीन पावडरचे तीन डबे आहेत.

ही गोळी घ्यायला कुणी सांगितलं, असं मघाशी विचारलं तेव्हा उत्तरं आली ती अशी : शेजारणीनं, मेडिकलवाल्यानं, टीव्हीवरच्या जाहिरातीनं, गटातल्याच एका ताईनं. डॉक्टरांचं किंवा नर्सबाईंचं नाव थोड्याच जणींनी घेतलं. आणि गोळीत काय आहे हे विचारल्यावर बहुतेकींचं उत्तर एकच होतं, ‘व्हिटॅमिन.’ आजचं माझं बोलणं याच उत्तराबद्दल आहे. व्हिटॅमिन तर आहेच. पण त्याबरोबर आणखी काय काय आपल्या पोटात जातं, ते कुणाला चालतं, कुणाला चालत नाही, आणि ते आपल्याला सांगायची जबाबदारी कुणाची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गोळ्या घेऊच नका, असं सांगायला मी आलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. म्हणजे इथे बसलेल्या दोघींपैकी एक. यामागे काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई, दर महिन्याचा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, जंत, आणि अंगावर काढायची सवय. या प्रश्नाचं खरं उत्तर ताटात आहे, मजुरीच्या दरात आहे, रेशनच्या दुकानात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं बरंच वाया जातं. हे सगळं आपण शिबिरांतून सांगत आलो आहोत आणि सांगत राहू.

पण काही वेळा ताट पुरत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लोह आणि फॉलिक ॲसिड गोळीतूनच द्यावं लागतं. ब-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. ज्या घरात दूधही मोजकंच येतं आणि त्यातलं बाईच्या वाट्याला चहापुरतंच, तिथे शाकाहारी बाईला ते कमी पडतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायकांचंही ब-१२ कमी होऊ शकतं. अशा बाईला गोळी लागते. म्हणूनच ती गोळी नीट पारखून घेता आली पाहिजे.

भरीचे पदार्थ कशाला?

सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, साखरेच्या एखाद्या बारीक दाण्याएवढं. एवढंसं औषध बोटांच्या चिमटीत कसं धरणार? म्हणून त्यात भर घालावी लागते. गोळी बांधली जावी म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज, आकार यावा म्हणून लॅक्टोज, यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट किंवा टाल्क, वर साखरेचं नाहीतर दुसरं कसलं आवरण, आणि रंग. कॅप्सूल असेल तर तिचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेलं.

तेव्हा भरीचा पदार्थ दिसला की ती फसवणूक, असं समजायचं कारण नाही. ‘आमच्या गोळीत एकही केमिकल नाही’ असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जीवनसत्त्व हेही एक रसायनच आहे. मॅग्नेशियम स्टिअरेट विषारी असल्याच्या गोष्टी ऐकवून दुप्पट किमतीची बाटली खपवणारे लोक आहेत. गोळीत असतं तेवढ्यानं काही अपाय होत नाही.

पण काहीजणींना काही पदार्थांचं खरोखर वावडं असतं. तेवढे मात्र माहीत हवेत.

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. दूध पचत नाही अशा बाईला गोळीतल्या लॅक्टोजची काळजी वाटते. पेलाभर दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज असतं, गोळीत त्याच्या मानानं फारच थोडं. त्यामुळे बहुतेकींना त्याचा त्रास होत नाही. फार नाजूक पोट असेल, दिवसाला पाच-सहा गोळ्या चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारावं. पावडरच्या डब्यात दुधाची भुकटी चमच्यांनी असते, तिथे हा प्रश्न मोठा होतो. दूध न पचणं वेगळं आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी. अशी ॲलर्जी असलेल्या बाईनं दुधाचे पदार्थ असलेली पावडर टाळलीच पाहिजे.

गव्हाचं वावडं, म्हणजे सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना गव्हाचा स्टार्च थोडादेखील चालत नाही. नुसतं ‘स्टार्च’ लिहिलं असेल तर तो मक्याचा की गव्हाचा, हे विचारलंच पाहिजे. पौष्टिक पावडरीत माल्ट असतं, ते बहुधा बार्लीचं. तेही अशा माणसाला चालत नाही.

तेलाच्या मऊ कॅप्सूलमध्ये ड किंवा ई जीवनसत्त्व विरघळवायला कधी सोयाबीनचं, कधी शेंगदाण्याचं तेल वापरलेलं असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला ती कॅप्सूल देण्याआधी तेल कोणतं हे पाहायला हवं. पिवळा रंग टार्ट्राझिन आणि नारिंगी रंग सनसेट यलो यांनी काहीजणांच्या अंगावर पित्त उठतं. दम्याच्या ज्या रुग्णांना ॲस्पिरिन चालत नाही, त्यांच्यापैकी काहींना टार्ट्राझिनही चालत नाही. पांढऱ्या आवरणासाठी टायटॅनियम डायॉक्साइड वापरतात. युरोपीय संघानं २०२२ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली, औषधांत मात्र तिथेही अजून चालतं. गोळी पिवळी, गुलाबी किंवा चकचकीत असल्यानं तिची ताकद वाढत नाही. निवडायला वाव असेल तर बिनरंगाची घ्यावी.

आणि टॉनिक! आपल्याकडे अजूनही बाटलीतल्या लाल पाण्यावर फार भरवसा. त्यात साखर किती हे मधुमेही बाईनं पाहिलं पाहिजे. साखरेऐवजी सॉर्बिटॉल असेल तर काहींना त्यानं जुलाब होतात.

‘मला ही गोळी सोसत नाही’

हे वाक्य आपण सगळ्याजणी ऐकतो. लाल गोळी घेतली की मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळी होते. मग गोळ्या डब्यात पडून राहतात. हा त्रास भरीच्या पदार्थांचा नसतो, खुद्द लोहाचा असतो. शौचाला काळी होणं हे अपेक्षितच आहे. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. हे दोन मिनिटांत समजावून सांगता येतं, पण रांगेतल्या बाईला दोन मिनिटं कोण देतो? ती गोळ्या टाकून देते आणि मग ‘बायकाच घेत नाहीत’ असा ठपका तिच्यावरच येतो.

ॲलर्जीची लक्षणं वेगळी असतात. अंगावर गांधी उठणं, खाज सुटणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं. असं झालं तर गोळी तिथेच थांबवायची. ओठ-जीभ सुजली, धाप लागली किंवा चक्कर आली तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा, आणि जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर न्यायचं. पाकीट फेकून दिलं तर पुरावाच गेला.

दोन दरवाजे

आता ढिगातली दोन पाकिटं उचला. एक लोहाच्या गोळ्यांचं आणि एक त्या केसांच्या कॅप्सूलची बाटली. दोन्ही मेडिकलच्या दुकानातच मिळाली, पण ती बाजारात दोन वेगवेगळ्या दरवाजांतून आली आहेत.

पहिला दरवाजा औषधाचा. पाकिटावर ‘मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर’ दिसतो. नावापुढे ‘आय.पी.’ ही अक्षरं असतील, तर ते औषध भारतीय औषधकोशातल्या मानकाप्रमाणे असलं पाहिजे. लिहिलंय तेवढं लोह त्यात असायला हवं आणि गोळी पोटात विरघळायला हवी. हे चांगलं झालं. पण आता त्याच पाकिटावर भरीचे पदार्थ शोधा. रंगाचं नाव सापडेल. बाकीच्या ठिकाणी बहुतेक पाकिटांवर दोनच शब्द असतात : ‘एक्सिपियंट्स क्यू.एस.’ याचा अर्थ, भरीचे पदार्थ, लागतील तेवढे. कोणते? लॅक्टोज की गव्हाचा स्टार्च? पत्ता नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. औषध खरं की बनावट हे त्यावरून पडताळता येतं. पण ज्या बाईचा स्वतःचा मोबाइल नाही तिला त्या चौकोनाचा काय उपयोग?

दुसरा दरवाजा अन्नाचा. बाटलीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असं लिहिलंय आणि बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ आहे. या दरवाजातून आलेल्या मालावर सगळ्या घटकांची यादी छापावी लागते, जो पदार्थ वजनानं जास्त तो आधी. पावडरच्या डब्यावर पहिलंच नाव साखरेचं किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचं असेल तर आपण प्रोटीनचे पैसे देऊन काय घेतोय ते कळतं. २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे ॲलर्जी आणणारे पदार्थ वेगळे सांगावे लागतात : ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व इतर कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. शाकाहारी-मांसाहारी खूणही इथे असते. औषधाच्या पाकिटावर सहसा ती नसते. म्हणून उपवास कडक पाळणारी बाई जिलेटिनची कॅप्सूल किंवा शिंपल्यापासून केलेलं कॅल्शियम नकळत गिळत असते.

गंमत पाहा. ज्यावर औषधाचं मानक आहे, त्यावर भरीची यादी नाही. ज्यावर यादी आहे, ते औषधाच्या मानकाला बांधलेलं नाही. आणि त्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असतानाच दुकानदार, एजंट आणि कधी कधी डॉक्टरही ती औषध म्हणूनच आपल्या हातात ठेवतात.

आकडे वाचायला शिका

कॅल्शियमच्या गोळीवर मोठ्या अक्षरात १२५० लिहिलेलं असतं. ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यातलं खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. लोहाचंही तसंच. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम म्हणजे खरं लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम. फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅम म्हणजे फक्त ३५ च्या आसपास. तेव्हा ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा पाहायचा. दोन गोळ्यांच्या किमतींची तुलनाही त्याच आकड्यावरून करायची.

जास्त म्हणजे चांगलं, हाही बाजारानं आपल्या मनात भरवलेला समज. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. गरोदर बाईनं अ जीवनसत्त्व (रेटिनॉल) रोज १०,००० युनिटच्या वर घेतलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. केसांच्या गोळ्यांत बायोटिन पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. शरीराची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची. एवढ्या बायोटिननं थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात किंवा असलेला आजार झाकला जातो. तपासणीआधी या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांबरोबरही घ्यायचं नाही.

आपल्याच हातून आपल्याला

आता थोडं अवघड बोलते. यातल्या बऱ्याच बाटल्या बचत गटातून आल्या आहेत. ‘ताई, तुम्ही घ्या, दोन मैत्रिणींना जोडा, महिन्याला कमिशन सुरू होईल.’ बाईला घरबसल्या चार पैसे मिळवायचे असतात, त्यात तिचं काही चुकत नाही. पण माल विकणारी तीच, पहिला माल स्वतःच्या पैशानं उचलणारी तीच आणि खपला नाही तर संपवायला तो खाणारीही तीच. गर्भाशयाची गाठ विरघळते, पाळी नियमित होते, साखर उतरते, असे दावे तिच्या तोंडून वदवले जातात. कंपनी पत्रकावर ते छापत नाही, कारण आजार बरे करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानं चाप लावलाय. थेट विक्रीबाबतच्या २०२१ च्या नियमांत माणसं जोडण्याच्या पिरॅमिड योजनांना मनाई आहे. अडचण आली तर कंपनी हात वर करते आणि शेजारणींच्या रोषाला ती बाई एकटी तोंड देते. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाला दोष देण्यासाठी नव्हे, तर आपल्या ओळखी आणि आपला विश्वास कुणी किती कमिशनला विकत घेतलाय, ते एकत्र बसून पाहण्यासाठी.

मग करायचं काय?

गोळी घेण्याआधी विचारा, मला कशाची कमतरता आहे, तपासणीत काय निघालं? अंगावरून जास्त जात असेल तर नुसतं लोह घेत बसू नका, कारण शोधायला लावा. ज्याची कमतरता आहे तेवढंच असलेली गोळी घ्या. पंचवीस-तीस घटकांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये गरजेचं थोडं आणि वावडं निघण्याची शक्यता जास्त. दवाखान्यात मोफत मिळते ती लोहगोळी कमी दर्जाची आणि दुकानातली महाग म्हणून भारी, असं मानू नका. जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय आहे का ते विचारा.

घरातल्या कुणाला कशाचं वावडं आहे ते एका कागदावर लिहा. दर वेळी डॉक्टरांना आणि दुकानदाराला तो दाखवा. कंपनी बदलली की भरीचे पदार्थही बदलतात, म्हणून नाव तेच असलं तरी नवं पाकीट पुन्हा वाचा. यादी नसेल तर पाकिटावरच्या पत्त्यावर उत्पादकाला लिहा. सुट्या कापलेल्या गोळ्या घेताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग मागून घ्या. बिल घ्या. औषधानं त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवता येतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. खोटी जाहिरात किंवा फसवणूक असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पण एकेकटीनं चष्मा लावून बारीक अक्षरं वाचण्यानं प्रश्न सुटणार नाही. इथल्या किती जणींना ही इंग्रजी अक्षरं वाचता आली? म्हणून मागणी संघटितपणे करायला हवी. प्रत्येक औषधाच्या पाकिटावर भरीच्या पदार्थांची पूर्ण यादी हवी. ॲलर्जीची सूचना वाचता येईल एवढ्या अक्षरात आणि मराठीत हवी. आरोग्य केंद्रात गोळी देताना ती काय आहे, कशी घ्यायची आणि काय त्रास होऊ शकतो, हे सांगणं बंधनकारक हवं, आणि त्यासाठी आशाताईंना आणि नर्सबाईंना वेळ व प्रशिक्षण हवं.

हे होणार नाही असं कुणाला वाटत असेल तर स्त्री चळवळीचा इतिहास आठवा. जास्त मात्रेच्या ईस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या गरोदरपणाची चाचणी म्हणून सर्रास दिल्या जात होत्या. गर्भाला धोका असल्याचं माहीत असूनही दिल्या जात होत्या. सरकारनं १९८२ मध्ये बंदीचा आदेश काढला तर कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती आणली. स्त्री संघटना, आरोग्य संघटना आणि ग्राहक संघटनांनी पिच्छा सोडला नाही. जाहीर सुनावण्या झाल्या, बायका तिथे जाऊन बोलल्या. १९८८ मध्ये बंदी आली. त्या बायकांपैकी फार थोड्या डॉक्टर होत्या. ‘आमच्या शरीरात काय जातंय ते आम्हाला कळलं पाहिजे’ एवढं एक वाक्य त्यांनी लावून धरलं होतं.

आता चहानंतर पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येक गटानं ढिगातली तीन पाकिटं घ्यायची आणि कागदावर चार रकाने करायचे : दरवाजा कोणता, खरी मात्रा किती, भरीचे पदार्थ कोणते, आणि काय लिहिलेलं नाही. चौथा रकाना सगळ्यात मोठा ठेवा. अन्न व औषध प्रशासनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आपण त्या रकान्यावरूनच लिहिणार आहोत.